थेटे डॉक्टरांचा मे महिना

माझ्या मे महिन्याच्या सुट्ट्या एका माणसानं खाल्ल्या. एक नाही, दोन नाही, टोकावड्याच्या शाळेत होते त्यातली निम्मीअधिक वर्षं. बाकीच्या बायका मे महिन्यात माहेरी जायच्या, कुरडया घालायच्या, दुपारी पंखा लावून आडव्या व्हायच्या. मी डोक्याला ओढणी गुंडाळून गुरांच्या दवाखान्याच्या आवारात उभी, आणि समोर आमची नववी-दहावीची मुलं एका म्हशीकडं टक लावून बसलेली. या सगळ्याला जबाबदार आमचे थेटे डॉक्टर. अजूनही मे लागला की मी आधी त्यांच्या नावानं बोटं मोडते, आणि मग इतकी आठवण येते की हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं.

डॉक्टर नाशिककडचे. उंच, सावळे, आवाज दणदणीत. शर्टाचं खालचं बटण कायम गायब, कारण ते कुठल्यातरी वासरानं चघळून नेलेलं असायचं. उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. अडलेल्या गाई-म्हशी सोडवता सोडवता खांदा पार कामातून गेला होता. केस डाव्या हातानं विंचरायचे, त्यामुळे भांग कधी सरळ पडला नाही. बायको आणि मुलगा नाशिकला, हे इथं एका खोलीत. मी एकदा म्हटलं, "डॉक्टर, निदान आरशात तरी बघत जा." तर म्हणाले, "माझे पेशंट तक्रार करत नाहीत, मॅडम. तुम्हीच करता."

पेशंटांशी ते अहो-जाहोनं बोलत. गाईच्या मागं उभं राहून, "अहो, जरा इकडं सरकता का? हां, फार छान. थोडं दुखेल हं." आणि त्याच दमात मालकाकडं वळून, "अरे मठ्ठा, पाणी कधी दाखवलं होतंस हिला?" मग तो मालक सरपंच असो की सरपंचाचा सासरा. लोकांना त्याचं काही वाटत नसे. उलट डॉक्टरांनी मठ्ठ म्हटलं नाही तर माणूस घरी जाऊन काळजी करी की आपलं जनावर काही वाचत नाही.

चहाचं त्यांचं एक ठरलेलं होतं. कुणाच्या घरी गेले की आधी जनावराला पाणी पाजायचं, मग डॉक्टरांना चहा. घरच्या बाईनं आधी कप आणला तर ते तो तसाच ओट्यावर ठेवून गोठ्याकडं बघत बसत. आमच्याकडच्या भातावर मात्र त्यांचा भारी राग. "तुमच्या या तालुक्यात माणूस आजारी पडला की भात, बरा झाला की भात, आणि भाकरी मागितली तर तीही तांदळाची!" असं म्हणून डब्यातली बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढायचे. आणि मग दुसऱ्याच्या डब्यातला भात न विचारता संपवायचे. लोक म्हसा गावच्या जत्रेत पाळण्यात बसायला, घोंगड्या घ्यायला जातात. हे सुट्टी टाकून जात आणि दिवसभर परक्या बैलांचे दात बघत फिरत.

तर हा माणूस एका मार्चमध्ये आमच्या शाळेत आला. हेडमास्तरांना म्हणाला, मे महिन्यात मला मुलं द्या. रोज सकाळी दवाखान्यात यायचं, माझ्याबरोबर वाड्यापाड्यांवर फिरायचं, बघायचं, धुवायचं, पुसायचं, शिकायचं. हेडमास्तरांना नाही म्हणवेना आणि हो म्हणायची भीती वाटेना, कारण मी तिथंच वह्या तपासत बसले होते. "विज्ञानाच्या मॅडम आहेत ना," ते म्हणाले. झालं. माझ्या सुट्टीवर असा दगड पडला.

मी तणतणतच डॉक्टरांना विचारलं, हे खूळ कशासाठी? तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याशी हळू आवाजात बोलले. त्यांच्या आधी दवाखान्याला बरीच वर्षं डॉक्टरच नव्हता. जो यायचा तो आल्या दिवसापासून बदलीच्या मागं. आताही त्यांच्याकडं शहापूरकडच्या एका दवाखान्याचा जादा कार्यभार होता. अर्धा आठवडा तिकडं, अर्धा इकडं. "मी रिटायर झालो की इथं परत कुलूप, मॅडम," ते म्हणाले. "बाहेरचा माणूस इथं राहत नाही. मी राहिलो तो आळसानं. इथलंच एखादं पोर जनावरांचं डॉक्टर झालं पाहिजे. मला फार नकोत हो. एक पाहिजे. एक झालं की मी सुखानं नाशिकला जाईन." माझा राग तिथंच विरला, पण मी ते त्यांना कळू दिलं नाही.

मुलं गोळा करणं सोपं नव्हतं. घरोघरी मलाच फिरावं लागलं. माळशेजच्या बाजूला डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे. तिथली जिजा आमच्या नववीत होती. हडकुळी, शांत, प्रश्न विचारला की आधी खाली बघणार आणि मग बरोबर उत्तर देणार. तिचा बाप काळूराम दारातच उभा राहिला. डॉक्टर माझ्याबरोबर होते. काळूराम म्हणाला, "मॅडम, ढोरांच्या मागं फिरायचं नशिबी नको म्हनून तं पोरीला शाळंत घातली. आन् तुमी तिला परत ढोरांतच नेता?"

खरंच होतं त्याचं. त्या वाडीत शिकणं म्हणजे गुरांपासून सुटणं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पंधरा दिवस दे, काळूराम. नाही पटलं तर घेऊन जा. मी परत तुझ्या दारात येणार नाही." काळूरामनं जिजाकडं बघितलं. जिजा खाली बघत होती. "पंधराच," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी मुलांना वाटलं, सुया-बिया टोचायला मिळणार. डॉक्टरांनी सगळ्यांना झाडाखाली बसवलं, समोर एक म्हैस. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, नुसतं बघायचं. कंटाळून मुलांची चुळबुळ सुरू झाली. मग एकेकाला विचारलं, काय दिसलं? रोशन नावाचा एक धीट मुलगा म्हणाला, "म्हैस बसलीय, सर."

"वा! आणि?"

"आणि काळी हाय."

सगळे हसले, डॉक्टर सगळ्यात मोठ्यानं. जिजाची पाळी आली. ती खाली बघत म्हणाली, "ती रवंथ करता करता मधीच थांबते सर. तवा डाव्या कुशीकडं बघते. तिला तिथं दुखतंय." डॉक्टरांनी पुढच्या मुलाला विचारलं. शाबास नाही, काही नाही. पण दुपारी फटफटीला किक मारताना शीळ घालत होते, आणि त्यांना शीळ अजिबात येत नसे.

रोशनची गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर त्याला वाईट वाटेल. गुरांचा ताप शेपटीखाली थर्मामीटर घालून बघतात. त्याला दोरा बांधलेला असतो आणि तो दोरा हातात धरून उभं राहायचं, एवढंच काम. रोशन धरून उभा होता. तेवढ्यात रस्त्यावरून क्रिकेट टीमचा टेम्पो गेला आणि हा ओरडून हात हलवायला लागला. वळून बघतो तर दोरा नाही, थर्मामीटर नाही, काही नाही. म्हैस आपली शांत. पोरगं रडायच्या बेतात. मला वाटलं, आता डॉक्टर आकाशपाताळ एक करणार. डॉक्टर म्हशीला म्हणाले, "माफ करा हं." आणि रोशनला म्हणाले, "रडतोस काय गाढवा? मागं फिरत राहा आणि लक्ष ठेव. ज्या रस्त्यानं गेलंय त्याच रस्त्यानं येईल." सबंध दुपार रोशन त्या म्हशीच्या मागं हातात बादली घेऊन हिंडत होता. आलं एकदाचं. काचेला तडासुद्धा नव्हता. आज तो मुरबाडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि हा किस्सा गिऱ्हाइकांना स्वतःच सांगतो.

आणि मग तो दिवस आला ज्याबद्दल बोलणं मला अजून जड जातं. डॉक्टर शहापूरकडं गेले होते. जिजा त्या दिवशी आलीच नव्हती. दुपार कलता कलता तिच्या वाडीतून निरोप आला की काळूरामची गाय व्यायली, पण रक्त थांबत नाही. मी डॉक्टरांना फोनवर फोन केले. ते फटफटी दामटत आले, मला आणि रोशनला मागं घेतलं, आणि आम्ही वाडीवर पोचलो तेव्हा गाय संपली होती. काळूराम तिच्या डोक्याशी बसला होता. जिजानं वासराचं नाक-तोंड साफ करून त्याला पेंढ्यानं खसखसून पुसलं होतं, दवाखान्यात बघितलं होतं अगदी तसं. वासरू जिवंत होतं आणि मान उचलायला बघत होतं.

"उशीर झाला रे," डॉक्टर म्हणाले.

काळूराम म्हणाला, "तुमी येकटे. कुठं कुठं पुरनार." त्यात राग नव्हता, तेच ऐकवेना.

वासराला आता चीक हवा होता. पहिल्या काही तासांत आईचा चीक, ते पहिलं घट्ट दूध, पोटात गेला नाही तर वासरू सहसा जगत नाही, हे मुलांना आठवडाभर आधीच शिकवलं होतं. सुदैवानं दोन घरं पलीकडं भागीआजीची गाय आदल्या दिवशी व्यायली होती. जिजा तांब्या घेऊन धावत गेली आणि तशीच परत आली, डोळ्यांत अंगार. भागीआजी देत नव्हती. त्यांच्या वाडीत रीतच आहे की व्यालेल्या गाईचा चीक गावदेवीला दाखवल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जात नाही. आणि देवीकडं जायचा वार आणखी दोन दिवसांनी होता.

आम्ही सगळे गेलो. जिजा पुढं. "भागीआजी, ही अंधश्रद्धा हाय! पुस्तकात लिवलंय!" हा शब्द आम्हीच शिकवलेला, मी स्वतः फळ्यावर लिहिलेला. रोशननंही री ओढली. म्हातारी दारात आडवा हात लावून उभी राहिली. "तुमच्या पुस्तकानं माजी गाय आटली तं तुमचं पुस्तक दूद देनार हाय का गो?" आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

डॉक्टर जिजाला म्हणाले, "तू गप्प बस. जा, हात धुऊन ये." ते अंगणात खाली मातीतच बसले. उजवा हात मांडीवर धरून. "भागीबाई, कशा आहेत आमच्या गोठ्यातल्या बाई? वार पडली का व्यवस्थित?" म्हातारी म्हणाली, वासरामागोमाग सगळी पडली. खातात का? खातात. मग डॉक्टर म्हणाले, "चीक उंबऱ्याबाहेर जात नाही. कबूल. मला नकोच बाहेर. पण वासरू उंबऱ्याच्या आत आलं तर चालेल?"

त्या बाजूला गोठा घरातच असतो, एकाच छपराखाली. म्हातारी आतल्या गाईकडं वळून बघत म्हणाली, "वासरू यायला कोन नको म्हनतंय? घरात आलेलं उपाशी जाया नाय पायजे." आणि मग तिनंच जिजाला हाक मारली, "आन गो त्याला. उभी काय ऱ्हायलीस?"

जिजानं वासरू उचलून आत आणलं. म्हातारीनं स्वतः धार काढली, स्वतः बोटं बुडवून वासराला चोखायला दिली. पहिल्यांदा ते चोखेना. मग एकदम लागलं चोखायला, पचापचा आवाज करत, आणि भागीआजी मला म्हणाली, "बगा मॅडम, लबाड कसं हाय!" मी तोंड फिरवून ओढणीनं डोळे पुसले. रोशन तर उघड रडत होता.

बाहेर आल्यावर डॉक्टर जिजाशी बोलले. तिला वाटलं, शाबासकी मिळणार. "ती बाई तुला नाही म्हणाली नव्हती," ते म्हणाले. "तू तिला विचारलंसच कुठं? तू तर तिला शिकवत होतीस." जिजा खाली बघत राहिली. मी पण खाली बघितलं, कारण ते माझ्याही कामाचं होतं.

काळूरामनं तिन्हीसांजेच्या आत गाय पुरली. मला वाटलं, पोरीचे पंधरा दिवस आजच संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचं फाटक उघडायला गेले तर काळूराम जिजाला घेऊन उभा. "सरांना सांगा, हिला पूर्न शिकवा," एवढंच म्हणाला आणि एसटी पकडायला गेला.

त्यानंतरची वर्षं आमच्या मे महिन्याची नव्हती, जिजाची होती. मुलं दर वर्षी नवी यायची, पण डॉक्टरांचा जीव तिच्यात अडकलेला. बारावी झाल्यावर प्रवेश परीक्षा द्यायची, मुंबईच्या पशुवैद्यकीय कॉलेजात जायचं, डॉक्टर होऊन इथंच यायचं, हे सगळं त्यांनी ठरवूनच टाकलं. जीवशास्त्र ते दवाखान्याच्या ओट्यावर शिकवायचे, केमिस्ट्री माझ्या गळ्यात. मधेच कुणी बैल घेऊन आला की धडा तिथंच थांबे आणि बैलावर सुरू होई. मी सांगायचे, "डॉक्टर, परीक्षेत बैल येणार नाही." ते म्हणायचे, "हाच तर परीक्षेत घोटाळा आहे."

जिजाचा नंबर लागला नाही. थोडक्यात नाही, चांगलाच हुकला. शिकवणी लावलेल्या, शहरातल्या मुलांपुढं आमची पोर कुठं टिकणार? निकाल तिनं मला फोनवर सांगितला आणि रडली सुद्धा नाही. डॉक्टरांना मी सांगितलं. ते दवाखान्यात औषधांच्या बाटल्या लावत होते. लावतच राहिले. त्या वर्षीच ते निवृत्त होणार होते. शाळेनं शाल-नारळ दिला, पाड्यांवरून माणसं आली, भागीआजी काठी टेकत आली. डॉक्टर भाषणाला उठले आणि "तुम्ही सगळे मठ्ठ आहात, पण मला आवडलात" म्हणून खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुरबाडच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. गाडी लागेपर्यंत ते पिशवी चाचपत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मी एकच मागितला होता हो. एक. हरलो मी." मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की मी त्यांची पिशवी घेऊन उगाच गाडीत चढले आणि सीटवर ठेवून उतरले.

जिजा घरी बसली नाही. तिनं पशुसंवर्धनाच्या पदविकेला नाव घातलं. मला बजावून सांगितलं, "सरांना नका सांगू मॅडम. डॉक्टर नाय झाले मी. त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?" मी तिच्याशी भांडले, पण शब्द पाळला. पदविका झाली, काही दिवस इकडंतिकडं काम केलं, आणि गेल्या वर्षी कंत्राटी पशुधन पर्यवेक्षक म्हणून, म्हणजे डॉक्टरच्या एक पायरी खाली, ती आमच्याच दवाखान्यात आली. डॉक्टरची खुर्ची अजून रिकामी आहे. दुसरीकडचे साहेब आठवड्यातून एकदा येऊन सह्या करतात. पण कुलूप पडलेलं नाही.

खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग ज्यासाठी केला होता ते विचारलं, "दवाखान्यात कोण आहे आता?" मी म्हटलं, "मी सांगणार नाही. या आणि बघा." ते चिडले. दोन दिवसांनी आले.

जिजाच्याच वाडीत पावसाळ्यापूर्वीची लस टोचायचं काम चाललं होतं. मी डॉक्टरांना घेऊन गेले, कशाला ते सांगितलं नाही. देवळापुढच्या मोकळ्या जागेत गुरांची ही रांग, माणसांचा गलका, धूळ. एक दांडगा खोंड कुणाला आवरत नव्हता, त्याचा म्हातारा मालक दोराबरोबर फरफटत होता. जिजा पाठमोरी होती. केस वर बांधलेले, कोपरापर्यंत धूळ. वळूनही न बघता ओरडली, "अवं, कोन मोकळं हाय तिकडं? याला धरा की कोनीतरी!"

मी काही म्हणायच्या आत डॉक्टर पुढं झाले. डाव्या हातानं दोर आवळला, खोंडाच्या मानेला अंग लावलं आणि त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. खोंड थांबला. जिजानं सुई टोचली, मान वर केली आणि तिला ते दिसले. ती तशीच उभी राहिली.

"सर, मी डॉक्टर नाय..."

"बघत काय बसलीस?" डॉक्टर म्हणाले. "पुढचं जनावर उन्हात उभं आहे."

तिनं बाहीनं डोळे पुसले आणि पुढचं जनावर घेतलं. मी दोनदा चहाला हाक मारली, खुर्ची आणवली, खांद्याचा विचार करा म्हणून ओरडले. "मॅडम, आज मला इथून हलवू नका," ते म्हणाले, आणि ते इतक्या आनंदानं म्हणाले की मी माघारी फिरले. माझी परतीची एसटी आली. खिडकीतून वळून बघितलं तेव्हा रांग अजून बरीच होती. जिजा एका गाईवर वाकली होती. तिनं वर न बघता हात मागं केला, आणि डॉक्टरांनी बर्फाच्या पेटीतली लशीची बाटली काढून तिच्या हातात दिली.